कमी पडलेलं वजन

ऊम्फ्रा एलिसचा डावा पाय गुडघ्याखाली आत वळलेला होता, म्हणून त्याला क्राइग व्रानच्या खाणीत बसून करायचं काम मिळालं. पाय धड असता तर तोही बाकीच्यांसारखा मांडीला साखळी गुंडाळून कड्यावर लोंबकळला असता, पाटीच्या दगडाला भोकं पाडत. पण विशीतच एक शिळा घसरली, पाय तिच्याखाली सापडला आणि पेंत्रे गावच्या हाडवैद्यानं तो जोडला तो असा. खाणीतले म्हणायचे, त्या दिवशी वैद्य कुठल्या दुकानातली प्यायला होता तेवढं कळू दे, म्हणजे आपण दुसऱ्या दुकानात जाऊ.

खाणीच्या वरच्या टप्प्यावर, जिथं सपाटी संपून डोंगर एकदम खाली सुटतो, तिथं ढोलघर होतं. भिंती दगडी, समोरची बाजू उघडी, आणि आत आडवा टाकलेला, दोन पुरुष उंचीचा लाकडी ढोल. त्याला पोलादी दोर गुंडाळलेला. दोराचं एक टोक वरच्या वाघिणींना, म्हणजे रुळावरून दगड वाहणाऱ्या डब्यांना, दुसरं पार डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या वाघिणींना. वरच्या वाघिणी दगडानं भरलेल्या, खालच्या रिकाम्या. भरलेल्या काठावरून ढकलल्या की त्या आपल्या वजनानं खाली निघायच्या आणि जाताजाता शेजारच्या रुळावरून रिकाम्यांना वर ओढून आणायच्या. इंजिन नाही, घोडा नाही. मधे फक्त ढोलाला आवळणारा लाकडी ब्रेक, आणि ब्रेकच्या दांड्यावर ऊम्फ्रा. बसून बसून तो अंगानं सुटला होता. खाणीत त्याच्याएवढा जड माणूस दुसरा नव्हता.

त्याच्याआधी ब्रेकवर नेथन म्हातारा होता. नेथननं पहिल्या दिवशी त्याला काठावर उभ्या असलेल्या भरल्या वाघिणीवर हात ठेवायला लावला होता.

"काय करतीया ती?"

"उभी हाय."

"उभी न्हाई. पडायचं राखून ठेवलंय तिनं पोटात. जितकी उंच, जितकी जड, तितकं जास्त. खाली पोचली की संपलं. मग तो निस्ता दगडाचा डबा. तुझं काम येवढंच, त्या पडण्याला एकदम बाहेर येऊ द्यायचं न्हाई."

ऊम्फ्राला हे कुणी न सांगताच कळलं असतं. त्याच्या पायावर आलेली शिळाही आदल्या संध्याकाळपर्यंत गप्पच उभी होती.

लग्न त्याचं झालं नाही. धाकटी बहीण गाइनोर हिच्या घरी, मागच्या खोलीत तो राहायचा. घर नवऱ्याचं. नवरा डाइनिओल पॅरी, कड्यावरचा पहिल्या नंबरचा गडी. अंगानं काटकुळा, जिभेनं विंचू. मेव्हणा आपल्या घरात राहतो हे त्यानं कधी घरात बोलून दाखवलं नाही. त्यासाठी त्यानं काबान राखून ठेवलं होतं.

काबान म्हणजे खाणीतली जेवायची खोली. मधे शेगडी, भोवती बाकं, इलायस म्हाताऱ्यानं उकळून काळा केलेला चहा. पण तिथला दरारा चॅपेलमधल्या प्रार्थनेच्या वेळेसारखा. कोण कुठं बसणार ते ठरलेलं, आणि आज कशावर बोलायचं ते कडवालादर ठरवणार. कडवालादर चॅपेलचा पंच. पांढरी दाढी, स्वच्छ बोलणं. तीस वर्षं सुरुंगांजवळ काढून त्याचे कान निम्मे गेले होते. सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याशी बोलताना सगळे आपसूक आवाज चढवायचे, आणि आपण आवाज चढवतो हे कुणीच कबूल करायचं नाही.

एका पावसाळी दुपारी डाइनिओल म्हणाला, "कडवालादरकाका, आज आमच्या पाव्हण्यांच्या कामावर बोलू या. मी सुरुंग लावतो. तुम्ही शिळा पाडता. गिरणीतली पोरं पाट्या कापतात. पाव्हणं काय करतात? सोडतात. सकाळी माझ्या हातनं पाव सुटला, तोबी खालीच गेला. मी कुठं त्याचा पगार मागितला?"

बाकं हसली. ऊम्फ्रानं चहा संपवला.

"मला एक सांग," तो म्हणाला. "तीन भरल्या वाघिणी येवढ्या उंचावरनं सुटत्यात. मोकळ्या सोडल्या तर पायथ्याची भिंत फोडून गावात घुसतील. पन खाली पोचतात तवा दूध देऊन आलेल्या गाईगत येत्यात. तर त्यांच्यात जे पडणं हुतं ते गेलं कुठं?"

"रिकाम्या वाघिणी वर चढवल्या त्यात गेलं."

"थोडं गेलं. बाकीचं?"

"वाऱ्यावर."

"ये, दावतो."

सगळे पावसात ढोलघरापर्यंत आले. ऊम्फ्रानं एक खेप खाली सोडली, नेहमीपेक्षा ब्रेक जरा जास्तच आवळून. लाकडातून धुराची बारीक रेघ निघाली. खेप पोचली, ढोल थांबला. "ठेव हात," तो म्हणाला, आणि ब्रेकच्या लोखंडी पट्टीकडे बोट केलं. डाइनिओलनं मर्दासारखा अख्खा पंजा ठेवला. कातडी पट्टीला चिकटली. तो ओरडला नाही, पण गुडघ्यांवर खाली बसला, आणि माणसं भिंतीला धरून हसली.

"ते तिथं गेलं," ऊम्फ्रा म्हणाला.

संध्याकाळी गाइनोरनं तळहाताला लोणी लावताना विचारलं, कसं भाजलं. डाइनिओल म्हणाला, तुझ्या भावानं आज मला शाळेत घातलं. ऊम्फ्रा मागच्या खोलीत बूट काढत होता. पुढचा महिनाभर डाइनिओल डाव्या हातानं साखळी धरून कड्यावर लटकत होता, आणि एका हातानं लटकणारा माणूस किती दिवस टिकतो यावर काबानात चेष्टा चालली होती. चेष्टेत ऊम्फ्राही होता.

पुढच्या शरदात, धुकं आणि भुरभुर पाऊस असलेल्या एका सकाळी, कडा सुटला.

डाइनिओल आणि कडवालादर कड्याच्या एकाच तोंडावर कामाला होते. डाइनिओल साखळीवर, कडवालादर खाली. वरून दगडाचा एक खांब निसटला, डाइनिओलला खरवडत खाली घेऊन आला. बाकीच्यांनी दगड बाजूला केले तेव्हा तो राखेच्या रंगाचा झाला होता. कडवालादर त्याच्याशेजारी बसला, छातीला कान लावला. बराच वेळ लावला. मग उठून त्यानं आपली टोपी काढली आणि डाइनिओलच्या तोंडावर ठेवली.

खाणीत याला एकच अर्थ होता. पंचानं टोपी ठेवली की शिंग वाजायचं, आणि शिंग वाजलं की हातातलं काम हातात टाकून प्रत्येक माणूस घरी निघायचा. अर्धी फोडलेली शिळा अर्धीच. हे त्यांच्या बापांनी भांडून मिळवलं होतं. मालकानं बाकी सगळं कापून घेतलं होतं, पण मेलेल्याचा दिवस घेता आला नव्हता. कारभारी प्रोथरोच्या डोळ्यांत तो रोज सलायचा.

शिंग वाजलं. चौघांनी डाइनिओलला एका रिकाम्या वाघिणीत ठेवून ढोलघरापाशी आणलं. दुपारी खालून इस्पितळाची गाडी पायथ्याशी येईल तेव्हा त्याला उतरवायचं, तोवर इलायस म्हातारा प्रेताजवळ बसणार, अशी रीत होती. माणसं ऊम्फ्रासमोरून एकेक करून गेली, प्रत्येकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कडवालादर थांबला. "गाइनोरला मी सांगतो," तो म्हणाला. "तू ह्याला नीट खाली आण." मग काळी रांग कड्याच्या पाठीमागच्या वाटेनं गावाकडे उतरायला लागली. कुणी बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, हीही रीतच.

ऊम्फ्रा ब्रेकच्या दांड्यावर टेकून उभा होता. त्याला रडू येत नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

"पाव्हणं," वाघिणीतून आवाज आला. "ह्या टोपीला कडवालादरच्या डोस्क्याचा वास मारतोय. काढ."

इलायसच्या हातातल्या चिलमीतला विस्तव पडला. ऊम्फ्रा लंगडत गेला, टोपी उचलली. डाइनिओलचे डोळे उघडे होते.

"समदी कुठं गेली?"

"घरी," ऊम्फ्रा म्हणाला.

"का? कोण मेलं?"

ऊम्फ्रानं टोपी वाघिणीच्या कडेला ठेवली. डाइनिओलनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या ओठांच्या कडा वर गेल्या. "भडव्यांनो," तो हळूच म्हणाला.

उजव्या मांडीतून रक्त जात होतं. आधी थांबल्यासारखं झालं होतं, आता जाग आली तसं पुन्हा सुरू झालं. इलायसनं आपला पट्टा काढून मांडी आवळली. पट्ट्याखालून ते झिरपतच राहिलं. इस्पितळ पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. दोघांनी खांद्यावर घेऊन वाटेनं उतरवायचं म्हटलं तर एक लंगडा आणि दुसऱ्याच्या छातीत पाटीचा भुगा. उरली रुळांची उतरण.

ऊम्फ्रानं इलायसच्या मदतीनं वाघीण काठावर ढकलली, दोर अडकवला, ब्रेक सोडला. वाघीण हलली नाही.

ती का हलली नाही हे आधी त्याच्या हातांना कळलं, मग डोक्याला. दोराच्या खालच्या टोकाला आज रिकाम्या वाघिणी नव्हत्या. वरच्या पंपासाठी कोळशानं भरलेली वाघीण होती. सकाळी ती अडकवली होती, शिंग वाजलं तसा अडकवणारा गडी तिला तशीच सोडून घरी गेला होता. खाली कोळसा, वर एक काटकुळा माणूस. डोंगराची सगळी उंची वरच्या बाजूला होती आणि उपयोग शून्य, कारण त्या उंचीवर ठेवायला वजन नव्हतं.

"जा, शिंग फुंक," तो इलायसला म्हणाला. "हाक जाणार न्हाई. शिंग फुंक, माघारी येतील."

इलायस शिंगाच्या खोलीपर्यंत गेला. त्याच्या फुप्फुसात होतं नव्हतं ते त्यानं शिंगात घातलं. धुकं खालच्या बाजूला जरा फाटलं होतं, आणि ऊम्फ्राला लांबवर वाटेवरची काळी रांग दिसत होती. शिंगाचा आवाज पोचला. रांग थांबली. मग पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या आणि उभे राहिले.

इलायसनं पुन्हा फुंकलं. माना आणखी खाली गेल्या.

मग टोप्या डोक्यावर चढल्या आणि रांग चालायला लागली. क्राइग व्रानच्या शिंगाला दुसरं काही सांगताच येत नव्हतं.

"आलं का कुणी?" डाइनिओलनं विचारलं.

"येत्यात."

"तू खोटंबी वाघिणीगत निस्तं सोडतोस. नीट रचून बोलाय येत न्हाई."

ढोलघराच्या मागं टाकाऊ दगडाचा ढीग होता. ऊम्फ्रानं एक दुसरी वाघीण आणून डाइनिओलच्या वाघिणीला मागून जोडली आणि तो दगड भरायला लागला. इलायस दोन दगड टाकायचा, भिंतीला टेकून खोकायचा, पुन्हा दोन टाकायचा. ऊम्फ्रानं मनाशी हिशेब धरला होता, कोळशाची वाघीण किती असते ते त्याला दोराच्या ताणावरून रोज कळायचं. तेवढं भरलं. ब्रेक सोडला. दोर करकरला, ढोल नखभर फिरला आणि थांबला.

"पाऊस," इलायस म्हणाला.

तेवढंच पुरलं. उघड्यावरचा कोळसा रात्रभर पाणी पीत होता. किती प्यायला होता ते वरून कळायला मार्ग नव्हता. पुन्हा दगड. ऊम्फ्राची नखं सोलली. डाइनिओल वाघिणीच्या कडेवर डोकं टेकून बघत होता.

"जल्मात पहिल्यांदा तुला वर उचलताना बघतोय काहीतरी," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मला लय थंडी वाजतीया, ऊम्फ्रा." नाव घेऊन त्यानं आजवर हाक मारली नव्हती.

"तूच बस की वाघिणीत," इलायस धापा टाकत म्हणाला. "तुझं वजन बक्कळ हाय."

"आन् ब्रेक कोण धरणार? एकदा निघाली की खाली जाईल तसा ह्या बाजूच्या दोराचं वजनबी तिला ओढतं, जोर वाढतच जातो. तुला आवरंल?"

इलायसनं दांड्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. मग तो स्वतःच दगडांवर चढून बसला. त्या म्हाताऱ्याच्या हाडांचं वजन तेवढंच कमी पडत होतं. ऊम्फ्रानं खांदा लावला, वाघीण काठापर्यंत सरकली, आणि तो धावत, म्हणजे त्याला जमेल तसा, दांड्यावर आला.

काठावरून तोंड खाली झालं तेव्हा डाइनिओलनं दोन्ही हातांनी कडा धरल्या. साखळीवर शंभर हात लटकणारा माणूस उतरणीवर कधीच बसला नव्हता, हे ऊम्फ्राच्या तेव्हा लक्षात आलं.

"हळू सोड रं," डाइनिओल म्हणाला. "पोटात गोळा येतो मला."

ऊम्फ्रानं हळू सोडलं. जोरात सोडावं तर मोडलेली मांडी रुळाच्या प्रत्येक सांध्यावर आपटणार, हळू सोडावं तर रक्त जाणार. त्याला विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित त्यानं जोरात सोडलं असतं. पण माणूस हळू म्हणाला होता. ब्रेकच्या लाकडाला धूर आला, त्याच्या तळव्यांना दांड्यातून ऊब यायला लागली, आणि वाघिणी धुक्यात गेल्या. मधे कोळशाची वाघीण त्यांना ओलांडून वर आली, मग काठाला लागली. दोरावरची खूण आली. खाली पोचल्या.

खालून काहीच कळेना. ऊम्फ्रा ब्रेक आवळून, दांड्याला लोखंडी वजन अडकवून बाहेर पडला आणि रुळांमधल्या फळ्यांवरून बसत घसरत खाली गेला. पायथ्याशी वाघीण उभी होती. इलायस तिच्याशेजारी चिखलात बसला होता, त्याच्या तोंडाला फेस होता. इस्पितळाचा माणूस फडक्याला हात पुसत उभा होता. डाइनिओलच्या तोंडावर टोपी पुन्हा ठेवलेली होती.

गाइनोरच्या घराच्या खिडक्यांचे पडदे, मरण कळताच ओढतात तसे, सकाळीच ओढले गेले होते. बायका स्वयंपाकघरात पाव कापत होत्या, कडवालादर बैठकीत प्रार्थना म्हणत होता. ऊम्फ्रा मागच्या दारानं आत गेला. गाइनोर त्याला बघून उठली.

"गाइनोर, टोपी ठेवली तवा तो जिता हुता. बोलला माझ्याशी."

तिनं त्याच्या रक्तानं माखलेल्या बाह्यांकडे पाहिलं. "काय बोलला?"

"टोपीला कडवालादरच्या डोक्याचा वास येतोय म्हणाला."

गाइनोर हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून, कारण हे डाइनिओलशिवाय कुणी बोललंच नसतं. मग हसू आतल्या आत वितळून गेलं. "मी पडदे ओढत हुते तवा?" तिनं विचारलं. ऊम्फ्रानं रक्ताच्या बाह्या दुमडून घेतल्या.

"दादा, हे कुणाला सांगू नगंस."

मरणाची चौकशी करणारा अधिकारी तिसऱ्या दिवशी यायचा होता. आदल्या संध्याकाळी कडवालादर ऊम्फ्राच्या खोलीत आला आणि खाटेवर बसला.

"कधीकधी मेलेल्या शरीरात हालचाल राहते, ऊम्फ्रा. स्नायू आखडतात. छातीतली हवा बाहेर पडते तेव्हा आवाज होतो."

"आवाज म्हणाला, हळू सोड."

"दोनशे माणसं त्या वाटेनं घरी गेली," कडवालादर म्हणाला. "तू असं म्हणालास तर त्या प्रत्येकानं जित्या माणसाकडे पाठ केली असं होईल. आणि मेलेल्याचा दिवस आपल्याकडे राहणार नाही."

"तुमाला ऐकू येत न्हाई, काका," ऊम्फ्रा म्हणाला. मोठ्यानं नाही म्हणाला. नेहमीच्या आवाजात म्हणाला. कडवालादर थोडा पुढं झुकला आणि म्हणाला, "काय म्हणालास?"

ऊम्फ्रानं नुसती नकाराची मान हलवली. रात्रभर तो एकच गोष्ट घोळवत राहिला. डाइनिओल टोपी ठेवली तेव्हाच मेला म्हणायचं, म्हणजे त्यानंतरचा डाइनिओल पुसायचा. थंडी वाजते म्हणालेला, नावानं हाक मारलेला, पोटात गोळा येणारा. वर्षानुवर्षं त्यानं ज्या डाइनिओलला सोसलं होतं तो सगळ्यांचा होता. हा शेवटचा तेवढा त्याच्या एकट्याच्या वाट्याला आला होता.

चौकशी चॅपेलच्या मागच्या खोलीत झाली. इलायसला आधी विचारलं. तो खाली बघून म्हणाला, मी प्रेताजवळ बसलो होतो, प्रेताबरोबरच खाली आलो. शिंग पुन्हा का फुंकलंस? मानासाठी, तो म्हणाला. मग ऊम्फ्रा उठला आणि सगळं सांगितलं. टोपी, शिंग, कोळसा, ओला कोळसा. सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून कारभारी प्रोथरो उठला, सगळ्यांच्या मधून चालत आला आणि त्यानं ऊम्फ्राचा हात हातात घेऊन हलवला.

"खाणीत एक तरी प्रामाणिक माणूस निघाला," तो म्हणाला.

त्या क्षणाला ऊम्फ्राला कळलं की आपण काय केलं.

आठवड्याभरात ढोलघराच्या भिंतीवर हुकूम लागला. यापुढं माणूस मेला की नाही हे इस्पितळाचा डॉक्टर ठरवील, खाणीतला कुणी नाही. शिंग कुलपात. काम चालू राहील. हुकुमात चौकशीतल्या साक्षीचा उल्लेख होता, आणि साक्ष कुणाची ते कुणाला वाचून दाखवायची गरज नव्हती.

काबानात ऊम्फ्राच्या जागेवर कुणीतरी ओले मोजे वाळत घातले. तो उभा राहिला तसा इलायसनं चहा ओतायचा थांबवला. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "दार लाव, प्रोथरोच्या घरातला वारा येतोय." ऊम्फ्रा आपली भाकर घेऊन ढोलघरात गेला आणि पुढं तिथंच खात राहिला.

गाइनोरनं त्याला दोन आठवडे ठेवलं. मग एका सकाळी त्याची पेटी बाहेर काढून दारात ठेवली.

"पोरांना शाळेत म्हणत्यात, तुमच्या बापाला तुमच्या मामानं विकला," ती म्हणाली. "ते मी सोसलं असतं. पण दादा, तू नसता बोललास तर तो कड्यावर मेला असता. एका झटक्यात. आता रोज रात्री तो वाघिणीत पडलेला असतोय, थंडी वाजत, आन् मी पडदे ओढत असते. तू त्याला माझ्यासाठी जिता केलास आन् पुन्हा मारलास."

"तो जिता हुताच, गाइनोर."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर जा."

तो ढोलघरातच राहायला लागला. हिवाळ्याच्या तोंडाशी गिरणीतला ओवेन नावाचा गडी यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला. जे राहिलं होतं त्याच्यावर टोपी ठेवायची गरज नव्हती, तरी कडवालादरनं ठेवली. सगळ्यांनी शिंगाच्या खोलीकडे पाहिलं. कुलूप होतं. प्रोथरो टप्प्यावर उभा होता, घड्याळ हातात घेऊन. "काम," तो म्हणाला.

ओवेनला दोन भरल्या वाघिणींच्या मधल्या वाघिणीत ठेवलं. या वेळी वजन बक्कळ होतं. ऊम्फ्रानं त्याला खाली सोडलं, खालून घंटी आली. मग त्यानं ब्रेकचा दांडा पार खाली दाबला, त्याला लोखंडी वजनं एकावर एक लटकवली, आणि दांड्यावर स्वतः बसला. त्याच्या त्या सगळ्या बसून वाढवलेल्या अंगासकट.

काठावर भरल्या वाघिणींची रांग लागली. गिरणीतून आणखी आल्या. मागं जागा उरली नाही तेव्हा गिरणी थांबली, मग कडा थांबला. डोंगरावर जे जे वर होतं ते वरच राहिलं.

प्रोथरो आला. "उठ."

"डॉक्टरनं सांगितलं का, ओवेन मेला म्हणून?" ऊम्फ्रानं विचारलं. "न्हाई ना. मंग मी थांबतो, डॉक्टर काय म्हणतोय ते बघू."

त्याला उठवायला चार माणसं लागली असती आणि चार माणसं पुढं झाली नाहीत. दुपार कलली तशी माणसं आपसूक वाटेला लागली. ढोलघरासमोरून रांग गेली. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. इलायस जाताना भिंतीकडे बघत गेला. सगळ्यात शेवटी कडवालादर होता. तो थांबला, आणि ऊम्फ्राला वाटलं की आता हा काहीतरी बोलणार.

"ब्रेकवर उद्यापासून कोण बसणार, कारभारीसाहेब?" कडवालादरनं प्रोथरोला विचारलं.

"बघू," प्रोथरो म्हणाला.

"गिरणीतला आयोरवर्थ बरा आहे. त्याचाही पाय अधू आहे," कडवालादर म्हणाला, टोपी डोक्यावर घातली आणि रांगेमागं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयोरवर्थ ब्रेकवर बसला. ऊम्फ्राला पुढं सडकेवर खडी फोडायचं काम मिळालं, पेंत्रेपासून दोन दऱ्या पलीकडं, जिथं त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बसून करायचं काम होतं. खडीचा ढीग उतारावर असला की तो आधी खालच्या बाजूला दगडाची पाचर ठोकायचा, मगच हातोडा उचलायचा.